हाताचा भार

"जरा दाबून धर ना, गुडमुंड. म्हातारपणी हात हलका झालाय तुझा." आयनार क्लोस्टर हसला. एका हातात कॉफी, दुसऱ्यात दालचिनीचा पाव. डुकरांच्या चाचणी केंद्रात, मुताच्या वाफेत उभं राहून हा माणूस खाऊ कसा शकतो, या विचारानेच गुडमुंडला शिसारी आली.

पिंजऱ्यात आयनारचाच नर होता. शेवटच्या बरगडीपाशी केस भादरून, तेल चोपडून गुडमुंडने सोनोग्राफी यंत्राची मूठ टेकवली होती. पडद्यावर चरबी पंधरा मिलिमीटर. तेरापर्यंतचा नर पैदाशीला, त्यावरचा खाटीकखान्यात. जिवंत डुकराच्या पाठीवरून आतलं मांस ताडायचं, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम. मूठ दाबली की चरबी दबते आणि आकडा उतरतो, हेही तेवढंच जुनं.

"पंधरा. लिहितोय मी."

"अरे, गेल्या साली कसा शहाण्यासारखा वागलास!"

गेल्या साली, आणि त्याच्या आधीही. आयनार पैदासकार संघाचा अध्यक्ष. त्याच्याशी वाकडं कोण घेणार? पण गेल्याच महिन्यात त्या 'शहाणपणाची' पिलावळ गुडमुंडने खाटीकखान्यात टांगलेली पाहिली होती. पाठीवर दोन-दोन बोटं चरबी. तिथला कापणारा थुंकून म्हणाला होता, "यांच्या बापाला कुठल्या आंधळ्याने पास केलं?" गुडमुंड मान खाली घालून बाहेर पडला होता.

"तुला जमत नसेल तर राहू दे. व्हिबेके, तू बघ गं."

व्हिबेके दोन वर्षं गुडमुंडच्या हाताखाली होती. तिने मूठ टेकवली, खांदा किंचित पुढे झुकवला.

"तेरा."

"बघ! पोरीला येतं."

गुडमुंड तिच्या मनगटाकडे बघतच राहिला. तो ताठ अंगठा, खांद्याचा तो झोक, सगळं त्याचंच होतं. तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. मोजणं म्हणजे हेच, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. गुडमुंडला पुन्हा शिसारी आली. या वेळी आयनारमुळे नव्हे.

"हात उचल."

"पण भार द्यायचा, असं तुम्हीच शिकवलंत."

"चुकीचं शिकवलं. नुसती टेकव."

तिने टेकवली. पंधरा.

आयनारने उरलेला पाव पिंजऱ्यात भिरकावला. "एवढ्या वर्षांचं नाव स्वतःच्या हाताने घालवतोयस. उद्या तुझ्या कुठल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"कुणीच ठेवू नये," गुडमुंड म्हणाला.

आयनार हात न मिळवताच निघून गेला. व्हिबेकेने पंधरा लिहिलं.

"मग मागचे सगळे आकडे?" तिने हळूच विचारलं.

गुडमुंडने नराच्या पाठीवरचं तेल भुशाने पुसून काढलं. मग पिंजऱ्याचं दार उघडून त्याला बाहेर सोडलं.

"आण ते जुने कागद," तो म्हणाला. "खुणा करून देतो. दाबलेला एकेक आठवतो मला."