जबाबदारीचं काम

बाईंनी मुलीच्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून घेतलं आणि तिला चुन्याच्या रेषेकडे बोट दाखवलं.

“आज तूपण पळायचंस. तीन फेऱ्या.”

सातवीचा वर्ग फिदीफिदी हसला. कडेला खुर्ची टाकून बसलेल्या तपासनीसांनी मान वर केली तेव्हा कुठे आवाज थांबला. शाळोशाळी जाऊन मुलांची वजनं घ्यायची, त्यांचा दम किती टिकतो ते बघायचं, हे त्यांचं काम. यंदा एकही मूल वगळायचं नाही, असा वरून आदेश होता.

चौथीत असताना ही मुलगी अर्ध्या फेरीतच धापा टाकायला लागली होती आणि पोरांनी तिला हसून हसून जीव नकोसा केला होता. खेळाच्या बाईंना दया आली. त्यांनी तिच्या गळ्यात घड्याळ अडकवलं.

“बाई, मी हळूहळू पळू का? सगळ्यांच्या मागून?”

“अगं, वेळ मोजणं जबाबदारीचं काम आहे. ते कुणाही सोम्यागोम्याला जमत नाही.”

पुढच्या वर्षी तिने परत विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं. बाईंना आपल्या युक्तीचं भारी कौतुक. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ते दोन-चारदा ऐकवलंही होतं. इकडे मुलीचं वजन वाढत गेलं. जिना चढताना ती मध्येच कठडा धरून थांबायला लागली. बाई तिच्याकडून इतरांच्या वेळा लिहून घेत राहिल्या.

शिट्टी वाजली. पहिली फेरी तिने कशीबशी रेटली. दुसरीच्या वळणावर तोंड लालबुंद झालं, पाय उचलेनात, आणि ती मातीतच बसली. उठली, चार पावलं पळाली, पुन्हा बसली. आता कुणी हसत नव्हतं.

तपासनीसांनी तिची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

“ही याआधी कधी पळाली होती?”

बाईंना उत्तर ठाऊक होतं.

“पळतच नाही हो ती,” त्या म्हणाल्या. “किती मागे लागले मी! तिलाच आवडत नाही.”

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई उगाच स्टॉपवॉचची दोरी गुंडाळत राहिल्या.

“खरं का गं?” तपासनीसांनी विचारलं.

तिला बोलायला दम पुरेना. धापा टाकतच ती म्हणाली, “हो सर. मलाच नाही आवडत. बाई खूप सांगायच्या.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी उघडलं नाही.

“आजकालची मुलं,” तपासनीस चुकचुकले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ‘मुलीची इच्छा नाही’ असं लिहिलं आणि कागद बाईंपुढे धरला. बाईंनी पेन घेतलं आणि त्याखाली सही केली.