तारेनं बांधलेला खटका

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. बंदुकीचा नव्हे, गाड्या उचलणाऱ्या लिफ्टचा. हाताच्या पंजाएवढा पोलादी तुकडा आणि मागे एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. गॅरेजात गेलात तर तुम्हाला दोन उंच लोखंडी खांब दिसतील आणि त्यांच्या मध्ये डोक्यावर उचललेली मोटार. ती बघून तुम्ही तोंडात बोट घालाल. मी मात्र दिसणार नाही, कारण मी खांबाच्या आत असतो.

दिसतो तो पंप. माझ्याच खांबावर, बाहेरच्या बाजूला, लालभडक रंगात मिरवत बसलेला. उगाच आडपडदा कशाला ठेवू, मला त्याचा हेवा वाटतो. आम्ही एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलो. पण खोकं उघडलं त्या दिवसापासून लाड त्याचे. बटण दाबलं की हा गुरगुरतो, नळीतून तेल ढकलतो आणि अख्खी गाडी वर जाते. गिऱ्हाईक म्हणतं, काय ताकद आहे हो. त्याला वेळच्या वेळी नवं तेल, आठवड्याला फडक्यानं पुसणं. मला जन्मात एकदा ग्रीस लागलं, तेही त्याला लावताना उडालं म्हणून.

आता माझं काम ऐका. गाडी वर जाताना मी खांबातल्या एकेका खाचेत पडतो, टक, टक, टक. हवी तेवढी उंची आली की गाडी जराशी खाली घ्यायची. म्हणजे तिचा भार तेलावरून निघून माझ्यावर आणि समोरच्या खांबातल्या माझ्या जुळ्या भावावर येतो. मग पंप बिघडो, नळी फुटो, गाडी जागची हलत नाही. उचलायचं त्यानं, धरून ठेवायचं आम्ही, आणि नाव त्याचं. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

मालक स्वतःच मेकॅनिक. गाडी आमच्यावर बसवल्याशिवाय ते कधी खाली शिरले नाहीत. तेवढ्या वेळापुरता का होईना, मी राजा असायचो. मग त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान त्यांच्या मदतीला आले. मालक त्यांना भावोजी म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंसुद्धा भावोजीच म्हणू लागली. ते मालकांना चेष्टेनं शेठ म्हणत. हाताला कसब होतं माणसाच्या, पण घाई फार. माझं टकटक त्यांच्या डोक्यात जायचं. शिवाय गाडी उतरवताना आधी ती थोडी वर घ्यावी लागते, मग आमचा दांडा ओढावा लागतो, तेव्हा आम्ही खाचेतून सुटतो. ही त्यांना नसती उठाठेव वाटायची. एक दिवस त्यांनी तारेचा तुकडा घेतला आणि तो दांडा ओढलेल्या जागी कायमचा बांधून टाकला. झालं, दोघेही भाऊ खाचेपासून दूर. गाड्या नुसत्या तेलावर राहू लागल्या.

मालकांनी तार पाहिली. पहिल्याच दिवशी पाहिली. हात दांड्यापर्यंत आला होता, तेवढ्यात भावोजी आले आणि मालकांनी त्याच हातानं मान खाजवली. बहिणीचा नवरा, त्यात वयानं मोठा, त्याला गॅरेजात चार माणसांसमोर कसं बोलायचं? पंपाचं मात्र चांगलंच फावलं. लिफ्ट कशी लोण्यासारखी चालते बघा, असं म्हणत भावोजी त्याच्या पाठीवर थाप मारायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी रोज मनात म्हणायचो, गळ रे बाबा एकदा, सगळ्यांसमोर तुझी चांगली फजिती होऊ दे.

तो दिवस आला. भरदुपारी मालक एका जड जीपखाली स्टुलावर बसून गिअरबॉक्सचे बोल्ट सोडवत होते. नळीच्या टोकाशी तेलाचा एक थेंब जमला. मग दुसरा. मला असा आनंद झाला म्हणून सांगू. जिरली, म्हटलं, बरी जिरली. थेंबांची बारीक धार झाली आणि जीप बोटभर खाली आली. मालकांना वाटलं आपणच नीट बसलो नाही, त्यांनी नुसती मान वाकडी केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंपाला काहीच होणार नव्हतं. तो खांबावर सुखरूप होता. खाली मालक होते. माझी लाज वाटली मला. स्प्रिंगच्या सगळ्या जोरानं मी तार ओढली, पण ती ढिम्म हलली नाही.

भावोजी पान्हा घ्यायला आले आणि सांडलेल्या तेलावरून त्यांचा पाय सटकला. त्यांनी खाली पाहिलं, मग नळीकडे, मग तारेकडे. चेहरा पांढराफटक पडला.

"शेठ, बाहेर ये. आधी बाहेर ये."

एकच बोल्ट राहिलाय, मालक आतून म्हणाले. भावोजींनी पुन्हा हाक मारली नाही. पक्कड उचलली आणि तार तोडली. मी खाचेत पडलो, समोर माझा भाऊ पडला, आणि लगेच नळी फुटली. जीप चार बोटं घसरली आणि धाडकन आमच्यावर येऊन बसली. माझं अंग अंग कडाडलं, पण आम्ही तिला सोडलं नाही.

मालक सरपटत बाहेर आले. केसांना जीपच्या पोटाचं काळं वंगण लागलं होतं, बाकी खरचटलंही नव्हतं. दोघंही तिथंच फरशीवर बसले.

"भावोजी, ती तार मी महिनाभर बघत होतो," मालक म्हणाले.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं बोलायचं?"

भावोजींनी डोकं धरलं. "आणि मी समजत होतो, शेठ बघतो आणि काही म्हणत नाही, म्हणजे चालत असेल. तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं रे मी?"

दुसऱ्या दिवशी पंपाला नवी नळी आली, नवं तेल आलं, सगळे त्याच्याभोवतीच गोळा झाले. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हेवा वाटला का? वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्यानं गळावं असं आता चुकूनही मनात येत नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, माझं कौतुक करू नका, फक्त मला बांधू नका. आणि तुमच्या घरातलं मोठं माणूस कुठे चुकताना दिसलं, तर त्यांना कसं बोलायचं म्हणून मान खाजवत बसू नका. सरळ बोला. रागावतील, रागावू देत. रागवायला ते आणि ऐकून घ्यायला तुम्ही, दोघंही धडधाकट असाल.