अंकुशच्या पाठीवरचा मजकूर

मी ‘उजेडवाट’ या पाक्षिकाचा एक अंक बोलतोय. चार पानांचा, पातळ, स्वस्त कागदाचा. माझ्या अंगावर एक मेलेला तरुण छापलेला आहे.

त्याचं नाव अंकुश. त्याचा बाप डोमा फोटो घेऊन आमच्या संपादकांकडे, कृष्णराव गुरुजींकडे, भंडाऱ्याला आला होता. गुरुजींनी नेहमीसारखं ‘दीर्घ आजाराने निधन’ लिहायला घेतलं.

“आजाराचं नाव लिवा, गुरुजी. सिकलसेल.”

“डोमा, घरी लग्नाची पोरगी हाय तुही.”

“म्हनूनच लिवा.”

गुरुजींनी ‘दीर्घ आजाराने’ खोडलं. मग त्यांनी नाव लिहिलं. पाठच्या पानावर, बरोबर त्या फोटोमागे, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या या आजाराची लक्षणं आणि तपासणीची माहिती छापली.

मी पोचलो तो एका वसाहतीतल्या बुद्धविहारात. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या लोकांची ही वसाहत. इथं सरकारी कागद पाहिला की माणसं आत जातात. गुरुजींचा कागद मात्र मांडी घालून ऐकतात. नर्स सत्यभामाबाई तपासणीसाठी दोनदा येऊन परत गेली होती. इथली मंगलाबाई तर बंद दारामागूनच बोलली होती, “आधी गाव नेलं, आता पोरीचं रगत नेता काय?” तिची चौदा वर्षांची लेक प्रतीक्षा तेव्हा आत कण्हत होती.

मंगलाबाईला वाचता येत नाही. लेकीकडून वाचून घ्यायला तिने मला घरी नेलं. प्रतीक्षा उंबरठ्यावर बसली आणि कलत्या उन्हाकडे मला धरून मोठ्याने वाचू लागली. ऊन माझ्यातून आरपार गेलं, आणि ओळींच्या मधून अंकुशचा चेहरा वर आला. ‘हाडं दुखतात. डोळे पिवळे पडतात.’ एकेका शब्दाबरोबर त्याचे ओठ हलत होते. मी नुसता कागद. तरी मला वाटलं, हे मी सांगत नाहीये.

पोरीने मला आईपुढे धरलं. “माय, आतून कोनी पाहून राहिला.”

मंगलाबाईने मला उलटं केलं. तिने एकदा फोटोकडे, एकदा लेकीच्या पिवळट डोळ्यांकडे पाहिलं. “हा तं आपल्या गावच्या डोमाचा अंकुश. याचेबी डोये असेच झाले होते, बाई.”

सकाळी ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेली. मी तिच्या मुठीत घामाने भिजलो होतो.

“मी दोनदा आली होती, मावशी,” सत्यभामाबाई म्हणाली.

“आली होती. पन मी तुले ओयखत नोहती.”

रक्तात सिकलसेल निघाला. आजार मुळातून जाणार नाही, पण गोळ्या, भरपूर पाणी आणि वेळेवर तपासणी यांनी पोरगी सांभाळता येईल, असं नर्सने समजावलं. मंगलाबाई रडली नाही. “मंग गोया आजपासूनच दे,” एवढंच म्हणाली, आणि मला नर्सच्या टेबलावर ठेवून गेली.

तेव्हापासून मी सत्यभामाबाईच्या पिशवीत असतो. घड्यांवर फाटलोय, शाई उडत चाललीय. दारात ती बोलायच्या आधी मला पुढे करते.

आत्ता आम्ही वसाहतीतल्या शेवटच्या घरापुढे उभे आहोत. आत कोणीतरी कण्हतंय. माणसांच्या सावल्या फटीपाशी येतात, थबकतात. कडी हललेली नाही.

आतल्या माणसांनो, मी गुरुजींचा कागद आहे. दार उघडा.