मोठ्या टायपातलं पुस्तक

अडुसष्टाव्या वर्षी मी स्वतःचं पुस्तक स्वतःच छापायला काढलं तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित साभार परत केलं होतं. नर्सच्या आठवणी कोण वाचणार, म्हणे. म्हटलं, गेलात उडत! मला वाचक एकच हवा होता, आणि तो घरातच खुर्चीत बसून चष्मा पुसत होता.

आमच्या यांचे डोळे चालले होते. पडदा झिजतोय, इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नजर पुरती जायच्या आत यांनी माझ्या पुस्तकातलं नववं प्रकरण एकट्यानं वाचावं, एवढीच माझी धडपड होती. कारण ते तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती. नुसतं ते प्रकरणच हातात ठेवायचीही नव्हती. पुस्तकात असलं की ओघात वाचून होईल, असं वाटायचं.

पस्तीस वर्षांपूर्वी आमची चार वर्षांची लेक तापात गेली. मी ड्यूटीवर, हे घरी. बापानं वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, असं जो तो म्हणाला. माझ्या धाकट्या बहिणीनं तर यांच्याशी बोलणंच टाकलं. खरं असं की यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून वॉर्डात फोन केला होता, आणि मीच म्हणाले होते, "साधा ताप आहे, उतरेल. आणू नका." हे त्याबद्दल कुणाला चकार शब्द बोलले नाहीत. आणि मी मूग गिळून बसले. नवव्या प्रकरणात मी हेच कबूल केलं होतं.

कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्यानं पहिलं प्रूफ बारा पॉइंटाच्या अक्षरात दिलं. यांनी पान नाकाशी धरलं. "अगं, नुसत्या मुंग्या दिसतात." मी टाइप सोळा करून आणला. तोवर डोळे आणखी उतरले. मग अठरा. दर वेळी सगळी पानं नव्यानं लावायची म्हणून डीटीपीवाला कावला.

"मावशी, पुस्तक काढताय की दुकानाची पाटी?"

"गुमान कर," मी म्हटलं. पुस्तक माझं, छापणारी मी, अडवणारं कोण होतं? बावीस पॉइंटात ते चारशे पानांचं झालं. गठ्ठे घरी आले त्या दिवशी यांना खिडकी कुठं आहे तेवढंच कळत होतं.

"चल, तूच वाचून दाखव," हे म्हणाले.

रोज जेवणं झाली की मी वाचायचे. वॉर्डातल्या गमतींवर हे खो खो हसायचे. जुन्या मैत्रिणी प्रती मागून न्यायच्या. एका निवृत्त मेट्रननं फोनवर रडत रडत कौतुक केलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. आणि आठव्या प्रकरणानंतर मी दहावं वाचलं.

पंधरा दिवसांनी धाकटी बहीण माझं पुस्तक हातात घेऊन दारात उभी. सरळ यांच्यापुढे बसली, हात जोडले. "भाऊजी, मला माफ करा. मला काय माहीत, ताईनंच..."

"असू दे गं. चहा घे," एवढंच हे म्हणाले. ती गेल्यावर मी असेन असं वाटलं त्या बाजूला यांनी तोंड केलं.

"एक प्रकरण गाळलंस ना?"

"हो."

"वाच."

अकरा पानं होती. 'आणू नका'ला माझा आवाज फुटला, तरी वाचलं.

"मी तुला कधी विचारलं नाही," हे म्हणाले. "वाटायचं, एक दिवस समोर बसशील आणि आपणहून बोलशील. पस्तीस वर्षं तुझ्या तोंडाकडे बघत होतो गं."

"आता बोलले ना, अहो."

"बोललीस. पण बोलताना तुझा चेहरा बघायचा होता मला."

मी ओक्साबोक्शी रडायला लागले. हे हात पुढं करून मला शोधत होते, आणि मला जागचं हलवेना.