खिडकीकडची मुलगी

"एक तरी गोष्ट असेल हो तिच्याबद्दल. आठवून बघा की जरा," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

गणिताच्या बाईंनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागून डोकंही वर काढलं नाही. "कोण, पाहुणी? ती माझ्या तासाला हजर असते एवढं शपथेवर सांगते. त्यापुढचं विचारू नका."

"गणितात कशी आहे?"

"काठावर. पडत नाही नि चढत नाही. कुंपणावरच्या मांजरीसारखी बसून असते."

कवायतीचे सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत हसले. "धाव म्हटलं की धावते. पहिलीपासूनही लांब, शेवटचीपासूनही लांब. अहो बाई, मी तिच्यासाठी कधी शिट्टीसुद्धा वाजवलेली नाही."

"द्या ना ठोकून काहीतरी," संगीताचे सर म्हणाले. "नियमित हजेरी म्हणा."

"तीही नाही. मध्ये कांजिण्या झाल्या होत्या तिला," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

सगळे हसले. भूगोलाच्या बाईही हसल्या, पण त्यांचं काम झालं नव्हतं. वर्ष संपायला आलं होतं, नववीचा मेळावा तोंडावर आला होता आणि सगळ्या नववीत एकच मूल असं होतं की ज्याच्यासाठी बाईंकडे वाक्य नव्हतं.

हे वाक्याचं प्रकरण जुनं होतं. बाई नववीच्या प्रमुख झाल्या त्या पहिल्याच वर्षी मेळाव्याच्या दिवशी कपाटाची किल्ली हरवली. प्रशस्तिपत्रं आत, पालक खुर्च्यांवर, मुलं रांगेत. तेव्हाचे मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, "बाई, काहीतरी बोला." बाईंना भाषण येत नव्हतं. त्यांनी एकेका मुलाला वर बोलावलं आणि त्या मुलानं वर्षभरात काय केलं ते एका वाक्यात सांगितलं. कुणी पाण्याची टाकी गळतेय हे सगळ्यात आधी पाहिलं होतं, कुणी बोबडं बोलत असूनही न घाबरता धडा वाचला होता. दुसऱ्या दिवशी किल्ली शिपायाच्या दुसऱ्या कोटाच्या खिशात सापडली. पण तोवर पालकांनी आणि पोरांनी वाक्यं पाठ केली होती. पुढच्या वर्षी प्रशस्तिपत्रं हातात असूनही मुलांनी विचारलं, "बाई, आमची वाक्यं?"

तेव्हापासून तो रिवाजच पडला. आधी ढाली, पेले, धावण्यातले नि चित्रातले नंबर. मग प्रत्येकाचं वाक्य. कागद न घेता सांगायचं. मूल हात खाली सोडून सभागृहाकडे तोंड करून उभं राहायचं आणि वाक्य संपलं की सगळ्या सभागृहानं मिळून एकच टाळी द्यायची. नियम दोनच. वाक्य खरं हवं आणि ते त्या एकाच मुलाला लागू पडायला हवं.

ह्या वर्षानंतर बाई निवृत्त होणार होत्या. मोठ्या सरांनी, म्हणजे आताच्या मुख्याध्यापकांनी, पुढच्या वर्षीचं ठरवूनही टाकलं होतं. फक्त पहिले तीन, पडद्यावर फोटो, अर्ध्या तासात मोकळं. "पालकांना हल्ली वेळ नसतो हो, बाई," ते म्हणाले होते. बाईंनी वाद घातला नाही. एवढंच बजावलं की, मेळाव्यात माझ्या निवृत्तीचं चकार शब्दानं बोलायचं नाही. तो दिवस पोरांचा.

घरी बाई आणि त्यांची मोठी बहीण दोघीच. अक्कानं उभा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून काढला होता आणि आता ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या चालण्यावरून आजार ओळखायची.

"तो गेला बघ, गुडघे संपले त्याचे," अक्का म्हणाली. मग बहिणीकडे वळून, "आणि तुझं काय बिनसलंय? चहात साखर घातली नाहीस."

बाईंनी सांगितलं.

"एवढंच? अगं, खोटं सांग एखादं. 'स्वभावानं गोड' म्हण. कोण तपासणारे?"

"पोरं तपासतात."

"पोरं घरी जाऊन जेवतात नि विसरतात."

"नाही विसरत. तो बसमधला वाहक आठवतो ना तुला?"

अक्काला आठवत होता. कोण विसरेल? भरल्या बसमध्ये त्या माणसानं तिकिटं फाडायची थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "ह्या माझ्या बाई! ह्यांनी माझ्याबद्दल सांगितलं होतं, सहलीत कुणाचाही बूट हरवला तर हा शोधल्याशिवाय गाडीत चढत नाही." त्याचे केस तोवर पिकले होते. बाईंना त्याचा चेहरा आठवला नाही, पण वाक्य ऐकल्याबरोबर चिखलात वाकलेली त्याची पाठ लख्ख आठवली.

"तरी म्हणते, एका पोरीसाठी एवढा जिवाला घोर लावून घेऊ नकोस," अक्का म्हणाली. "माझ्याबद्दल कुणी बोललं होतं का कधी वाक्य? जगलेच ना मी?"

"तू रुग्णाला उठवायच्या आधी हात चोळून गरम करायचीस," त्या म्हणाल्या.

अक्कानं तोंड खिडकीकडे वळवलं. "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली आणि बराच वेळ रस्त्यावरच्या कुणाचाही आजार तिनं सांगितला नाही.

पाहुणी ह्याच वर्षी शाळेत आली होती. वडिलांची बदलीची नोकरी. ती बाकावर टेकायची ती कडेला, दप्तर मांडीवर घेऊन, आत्ता उठायचं असल्यासारखी. म्हणून पोरांनी तिला पाहुणी म्हणायला सुरुवात केली. शेवटच्या बाकावर ती खिडकीकडे आणि तिच्या शेजारी भिंतीकडे खारूताई. पुढचे दोन दात मोठे, हातात सदा काही ना काही चालू. दोघी फारशा बोलत नसत. बाईंना मुलं आधी जागेवरून ठाऊक व्हायची, नावानं नंतर. वर्ग त्यांच्या डोक्यात नकाशासारखा असे. खिडकीकडे कोण, दाराशी कोण, फळ्यासमोर कोण.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी विज्ञानाचे सर व्हरांड्यात भेटले. बाईंनी त्यांना गाठलंच.

"सर, नववीतली शेवटच्या बाकावरची मुलगी. खिडकीकडची. तिच्याबद्दल काही सांगता येईल?"

"खिडकीकडची?" सरांचा चेहरा उजळला. "अहो, येईल म्हणजे काय! प्रयोग संपला की सगळी कार्टी नळ्या तशाच टाकून पळतात. ती मागे थांबते आणि सगळ्यांच्या नळ्या धुऊन, उलट्या करून, ओळीनं लावून ठेवते. कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, मला आवडतं."

बाईंच्या जिवात जीव आला. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही आधी कुठे विचारलंत?"

मेळावा रीतीप्रमाणे सुरू झाला. ढाली दिल्या गेल्या. लांब उडीतली मुलगी पेला घेऊन खाली जाताना पायरीवर अडखळली आणि सभागृह खूश झालं. विज्ञान प्रदर्शनातला पूल बक्षिसासह वर आणला गेला आणि टेबलावर ठेवताक्षणी मोडला. मग मोठ्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाई पुढे आल्या.

"हा नाटकात झाड झाला होता," बाई म्हणाल्या, "आणि नाकावर माशी बसली तरी पडदा पडेपर्यंत हलला नाही."

टाळी.

"ह्यानं वर्षभरात एकदाही दुसऱ्याची चहाडी केली नाही. स्वतःचा गुन्हाही कधी कबूल केला नाही."

हशा आणि टाळी.

खारूताईला त्यांनी सांगितलं की, पक्षी काढायचा म्हणून चित्रकलेच्या परीक्षेआधी ती महिनाभर शाळेच्या कौलांवरचं एकच कबुतर बघत होती. खारूताईनं दात झाकत हसून टाळी घेतली आणि ती पुढच्या रांगेत जाऊन बसली.

मग पाहुणी आली. ती रंगमंचाच्या कडेलाच उभी राहिली. बाईंनी तिला खांद्याला धरून मधे आणलं.

"प्रयोगशाळेत सगळे निघून गेले की ही मागे थांबते," बाई म्हणाल्या, "आणि कुणी न सांगता सगळ्यांच्या नळ्या धुऊन ठेवते."

टाळीसाठी हात वर झाले होते.

"बाई," पाहुणी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सभागृह शांत होतं. "ते मी नाही करत. ती करते."

तिनं पुढच्या रांगेकडे बोट केलं. खारूताईनं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते.

बाईंना सगळं एकदम दिसलं. वर्गात खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला. प्रयोगशाळा व्हरांड्याच्या पलीकडच्या अंगाला, तिथल्या खिडक्या उजव्या हाताला. दोघी मुली दोन्हीकडे त्याच क्रमानं बसायच्या. सरांची खिडकी वेगळी होती आणि बाईंची वेगळी. जन्मभर दिशा शिकवणाऱ्या बाईला एक व्हरांडा ओलांडता आला नव्हता.

मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग बरेच जण हसले. बाईंनी हसणं विरू दिलं.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "हे वाक्य खारूताईचं."

सभागृहानं खारूताईकडे वळून टाळी दिली. पाहुणी रंगमंचावर हात खाली सोडून उभीच होती. बाईंनी शब्द शोधले. एरवी मूल समोर आलं की वाक्य आपोआप तोंडाशी यायचं. आज काही आलं नाही. मोठे सर मागून हळूच म्हणाले, "बाई, पुढचा घ्या. वेळ होतोय." पाहुणीनं बाईंकडे पाहिलं, जावं का असं. बाईंनी मान डोलावली. ती खाली उतरली. टाळी द्यावी की नाही ते कुणालाच कळलं नाही, म्हणून कुणी दिली नाही.

पुढची वाक्यं बाईंनी म्हटली. ती बरोबर होती.

खुर्च्या उचलायला सुरुवात झाली तेव्हा बाई मागच्या दारानं निघाल्या आणि सायकलींच्या छपरापाशी पोहोचल्या. पाहुणी वाकून कुलूप काढत होती. बाईंना बघून ती सरळ झाली.

"रागावलात का, बाई?"

"छे गं. चुकले मी आणि रागावू तुझ्यावर?"

"पोरं म्हणतायत, भूगोलाच्या बाईंना खिडकीच सापडली नाही."

"म्हणू देत. खरंच आहे ते." बाईंना धाप लागली होती. त्यांनी छपराच्या खांबाला हात टेकला. "ऐक. मला आत्ता सुचलंय, तिथेच सुचायला हवं होतं. भरल्या सभागृहात फुकट मिळत असलेलं कौतुक हिनं घेतलं नाही, ज्याचं होतं त्याला देऊन टाकलं. हे तुझं वाक्य."

पाहुणीनं ते मनाशी तपासून पाहिलं. मग तिनं मान हलवली.

"तसं नाही, बाई."

"का?"

"खारूताई समोरच बसली होती. माझ्याकडेच बघत होती. ती आज आली नसती ना, तर मी घेतलं असतं." तिनं कुलूप दप्तरात टाकलं. "वर येतानाच ठरवलं होतं मी, बाई जे म्हणतील ते घ्यायचं. चांगलं होतं वाक्य."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते तोंडातच ठेवलं. इतक्या वर्षांत वाक्य परत करणारं मूल त्यांना भेटलं नव्हतं. हिनं दोन परत केली होती.

"मग काय सांगू गं मी तुझ्याबद्दल?"

"आत्ता नकाच सांगू." ती थोडी घाईनं बोलली, आधीपासून तयार असल्यासारखी. "पुढच्या वर्षी मी काहीतरी करीन. काय ते अजून ठरलं नाही. पण माझंच असेल ते. तेव्हा सांगाल ना, बाई? दहावीलाही असतं ना हे?"

पुढच्या वर्षी आपण इथे नसणार, हे बाईंना सांगता आलं असतं. वाक्यंही नसणार, हेही. पोरीचं लक्ष सायकलच्या चाकाकडे होतं, ते ती उगाच पुढे-मागे करत होती.

"कर," बाई म्हणाल्या. 'सांगेन' म्हणणं खोटं झालं असतं. "नक्की कर."

"हो, बाई. येते."

शाळेचं मागचं फाटक जड होतं. एका हातानं सायकल आणि दुसऱ्या हातानं फाटक हे कुणाला जमत नसे, ते कुणीतरी धरावं लागायचं. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते पाठीनं रेटून धरलं. पाहुणी सायकल काढून बाहेर गेली, बसली आणि वळणावर दिसेनाशी झाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. उशीर झालेला असावा.

आणखी कुणी यायचं असेल म्हणून बाई फाटक धरून तशाच उभ्या राहिल्या. मैदानात कुणी नव्हतं.