राळेच्या कप्प्यातली सवत

मी एक जुनं व्हायोलिन आहे, मित्रांनो. लोक मला ‘ते व्हायोलिन’ म्हणतात. म्हणोत बापडे! मी स्वतःला बाईमाणूसच समजते, आणि तेही जळक्या स्वभावाचं. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको.

माझा जन्म वाद्यांच्या एका लहानशा दुकानात झाला. मला घडवणारे म्हातारबुवा भारी चिकित्सक. लाकूड वर्षानुवर्षं वाळत ठेवायचे, आणि मनाला आलं की एखादी फळी उचलून तिच्यावर बोटाने टकटक करायचे. “हं, आता बोलायला लागलीय,” असं म्हणाले की त्या फळीचं नशीब उघडलं. माझी पाठ झाली, पोट झालं, मान झाली, खुंट्या बसल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी माझ्या पोटात एक बारीक लाकडी खांब उभा केला. तो बाहेरून दिसत नाही, पण जरासा सरकला तरी आवाज बसतो. आमच्या दुकानात त्या खांबाला ‘जीव’ म्हणतात. पुढे माझ्या जिवाचे जे हाल झाले, ते ऐकालच.

मग एका दुपारी ती आली. शाळा नुकतीच संपलेली, केस विस्कटलेले. भिंतीवरची नवी चकचकीत व्हायोलिनं तिने एकेक करून वाजवली आणि परत टांगली. मला हनुवटीखाली धरलं, माझ्या तारांवर गज ओढला आणि तिथेच थांबली. म्हातारबुवांचा धाकटा मुलगा कोपऱ्यात घोडी तासत बसला होता. घोडी म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात तो छोटा पूल. माझा आवाज ऐकून, की तिला पाहून, त्याचा हात सटकला आणि बरी घोडी वाया गेली. पुढे ती तारा बदलायला वरचेवर दुकानात यायला लागली. माझ्या चांगल्या धडधाकट तारा ती मुद्दाम तोडायची, असा मला दाट संशय आहे. शेवटी लग्न झालं. म्हणजे आधी मी, मग नवरा. हा क्रम मी कधी विसरले नाही.

ती गावातल्या वाद्यवृंदात वाजवायला लागली. टाळ्या पडायच्या. लोक विचारायचे, “हे कुठून आणलंत?” मी मनातल्या मनात फुगायचे. थोरला झाला तेव्हा मी जळले. धाकटी झाली तेव्हा आणखी जळले. पण पोरं काय, खेळून दमतात आणि झोपतात. ती परत माझ्याकडे यायची. म्हणून मुलांना मी माफ केलं.

तिला मात्र नाही! त्या गोळ्यांच्या पाकिटाला!

झालं असं, की धाकटीचं दूध सुटलं. इतक्यात तिसरं नको, असं दोघांनी ठरवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. आमची ही विसरभोळी. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी. तिने युक्ती काढली. सरावासाठी माझी पेटी तर ती रोज उघडतेच, मग गोळ्याही पेटीतच ठेवल्या तर? आणि ठेवल्या कुठे, तर राळेच्या कप्प्यात! राळ म्हणजे गजाला घासायचा मधाच्या रंगाचा खडा. माझी पावडर-लाली म्हणा ना. तिथे ही चंदेरी सटवी येऊन ऐसपैस बसली. पोटात ना तार, ना जीव, आणि मान तर नाहीच नाही.

रोज पेटी उघडली की पहिला हात तिच्याकडे. टच् असा आवाज व्हायचा, मग पाण्याचा घोट, आणि मग माझी पाळी. सवत सवत म्हणतात ती हीच, अशी माझी खात्री पटली. मी रागाने इतकी आखडले की खुंट्या फिरेनात.

हळूहळू घरात काहीतरी बिनसलं. ताटात चमचा वाजला तरी ती मुलांवर ओरडायची. ओरडून झालं की न्हाणीघरात जाऊन रडायची. दूध उतू गेलं तर जगबुडी झाल्यासारखी ओट्याला धरून उभी राहायची. नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला तर अंग चोरायची, आणि नाही ठेवला तर म्हणायची, “तुला आता माझं काही वाटत नाही.” माझ्यावर गज फिरवायची, सूरही चुकायचे नाहीत, पण ती त्यात नसायची. एकदा निम्म्यातच गज खाली ठेवून ती म्हणाली, “ह्याचा आवाज मेलाय.”

दुसऱ्या एखाद्याच्या बायकोने असं म्हटलं असतं, तर त्याने बायकोकडे पाहिलं असतं. पण आमचा पडला कारागीर. आवाज मेलाय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. वाकडी सळई घातली माझ्या पोटात आणि जीव डावीकडे सरकवला.

“आता बघ.”

“नाही रे.”

जीव उजवीकडे सरकवला. नवी घोडी तासली. तारा बदलल्या. “आता?”

“तेच आहे. मेलेलं.”

बिचारा खरंच जीव तोडून काम करत होता, फक्त तोडत होता तो माझा. मग त्याने दुकानातून एक नवं नारिंगी व्हायोलिन आणलं. लकाकतंय नुसतं! माझा तिळपापड झाला. तिने त्याच्यावर दोन ओळी वाजवल्या आणि खाली ठेवलं. “ह्याचाही मेलाय.” मला उकळ्या फुटल्या. नवरा म्हणाला, “नवं आहे ना, त्याचा आवाज मोकळा व्हायला वेळ लागतो.” एवढा मोठा कारागीर, पण तरीही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तिला स्वतःला गोळ्यांची शंका आली नव्हती असं नाही. थोरली जाऊ त्याच गोळ्या घ्यायची, म्हणून तिने जावेला विचारलंही. जाऊ खुदकन हसली. “मला तर काही होत नाही बाई! उलट चेहरा बघ कसा नितळ झालाय.” जाऊ गेल्यावर ही कितीतरी वेळ आरशापुढे उभी होती. “तिला सगळं मानवतं,” ती पुटपुटली, “मीच मेली रडकी.” जळण्याचा वास मी लांबून ओळखते, मित्रांनो. त्या दिवशी आम्ही दोघी एकाच घरात दोन ठिकाणी जळत होतो.

शेवटी नवरा म्हणाला, “उद्या ह्याचं पोट उघडतो. आत कुठेतरी चीर गेली असणार.”

“उघड,” ती म्हणाली. “नाहीतर राहू दे. मी वाजवणं सोडतेय. वाद्यवृंदाच्या मास्तरांना सांगून टाकते.”

माझं लाकूड गार पडलं. पोट उघडलं की परत चिकटवता येतं, ते मी सोसलं असतं. पण ती वाजवणार नसेल, तर चिकटवून करायचं काय? भिंतीवरची शोभा?

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पातळ सुरी काढली, टेबलावर फडकं अंथरलं, आणि तेवढ्यात दार वाजलं. वाद्यवृंदात तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी बाई आली होती. अंगाने भरदार, तोंडात सदा पेपरमिंट. आम्ही तिला खुर्चीवाली म्हणतो. “काय गं, तालमीला का येत नाहीस?” म्हणत ती आत शिरली, आणि टेबलावर मला पाहून थबकली. “अगोबाई, ह्याचं ऑपरेशन का?”

“आवाज मेलाय,” नवरा म्हणाला.

“बघू.” तिने मला उचललं. परक्या बाईच्या हनुवटीखाली! मी ठरवलं होतं, हिच्यासाठी घोगरं वाजायचं, हट्टाने वाजायचं. पण तिने गज ओढला आणि मी गायले. भरभरून गायले. लाकडाला लाज नसते म्हणतात ते काही उगीच नाही.

गज थांबला. नवऱ्याच्या हातात सुरी तशीच राहिली.

“वाजतंय की,” खुर्चीवाली म्हणाली.

“मग मीच मेलेय,” आमची ही म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

नवऱ्याने सुरी ठेवली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने विचारलं, “तुला काय होतंय?”

तिने सांगितलं. सकाळी डोळे उघडले की छातीवर दगड असतो. मुलं हसली की चीड येते, आणि चीड आली म्हणून स्वतःची घृणा वाटते. वाजवताना सूर कानापर्यंत येतात, पुढे आत जात नाहीत.

“बाळंतपणाचा थकवा असेल,” तो हळूच म्हणाला.

“थकवा मला माहीत आहे रे. दोनदा पाहिलाय. हा थकवा नाही.”

“कधीपासून?” खुर्चीवालीने विचारलं. ही आठवत राहिली, आणि तिची नजर माझ्या उघड्या पेटीतल्या पाकिटाकडे गेली. खुर्चीवालीचीही गेली. “ह्या गोळ्या? अगं, मलाही एकीने असंच रडवलं होतं! मी दाराला लाथ मारून अंगठा मोडून घेतला होता. बदलून घेतल्या, मग ठीक झाले.”

“पण जाऊबाईंना काहीच होत नाही.”

“तुझी जाऊ म्हणजे तू का? तिची चप्पल तरी तुला होते का?”

गोळ्या दाखवायला ती पेटीसकट डॉक्टरीणबाईंकडे गेली, तेव्हा मी तिच्या खांद्यावर होते. पेटीतून मी सगळं ऐकलं. बाई तिला म्हणाल्या, “गोळ्यांमुळे असेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण काहींच्या मनावर परिणाम होतो. पुष्कळजणींना काहीच होत नाही, आणि म्हणूनच जिला होतं तिचं कुणी ऐकत नाही. स्वतःच्या मनाने बंद करू नका, आपण मिळून बदलू. आणि तरी बरं वाटलं नाही, तर उदास मनावरही उपचार असतात. लवकर या, लाजू नका.” त्यांनी हार्मोन नसलेला दुसरा उपाय सुचवला. नवरा शेजारीच बसला होता, त्यानेही चार प्रश्न विचारले.

लगेच काही ऊन पडलं नाही. कितीतरी दिवस ती तशीच होती. मग एका संध्याकाळी ती सराव करत असताना बोट घसरलं आणि सूर चांगलाच बेसूर झाला. ती थांबली. “शी! काय घाणेरडं वाजवतेय मी!” ती चिडून ओरडली आणि तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा चुकली, पुन्हा चिडली. इतके महिने बरोबर वाजवताना तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. दारात नवरा उभा होता. तिने मला बाजूला ठेवलं आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. माझ्या आधी त्याच्या! मी जळले, हो, चांगलीच जळले. पण ती परत आली होती.

तेव्हा मित्रांनो, ह्या म्हातारीचं एक ऐका. माझ्यासारख्या लाकडाची काळजी घ्या, धूळ पुसा, तारा वेळेवर बदला. पण घरातली बाई म्हणाली की मला बरं वाटत नाही, तर दुसरीला काही होत नाही हे तिला सांगत बसू नका, आणि हत्यारं तर मुळीच काढू नका. तिच्यासमोर बसा आणि तिचं पूर्ण ऐका. आमच्या घरात एवढ्याशा प्रश्नाला इतके महिने लागले, आणि तो प्रश्न यायच्या आधी सुरी आली होती.