टाचणातला तिसरा रकाना

ओगिनोबाईंचा उराबेसरांवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, आणि कारण विचाराल तर धड एकही नव्हतं. उराबेसर सत्तावीस वर्षांचे. तिसरीचा दुसरा वर्ग त्यांच्याकडे होता, पहिला बाईंकडे. मधल्या सुट्टीत पोरं सरांच्या पाठीवर चढायची आणि सर चढू द्यायचे. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंच्या पाठीवर कधी कुणी चढलं नव्हतं. एवढा गोड माणूस आतून काहीतरी वेगळाच असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

नोव्हेंबरात बाईंचा पाहणीचा पाठ होता. म्हणजे तालुक्यातल्या अकरा शाळांचे शिक्षक येणार, हातात त्या पाठाचं टाचण घेऊन वर्गाच्या भिंतीला टेकून उभे राहणार, आणि पाठ संपला की त्याची चिरफाड करणार. सहा वर्षांपूर्वी बाईंचा असाच पाठ झाला होता. मुलं गप्प बसली होती, आणि पंचेचाळीस मिनिटांचा पाठ अठ्ठाविसाव्या मिनिटाला संपला होता. जिल्ह्याचे जुने मार्गदर्शक हिझुमेसर तेव्हा एवढंच म्हणाले होते, "ओगिनोबाईंना आपली मुलं अजून ओळखायची आहेत." बाई ते वाक्य सहा वर्षं उराशी घेऊन फिरत होत्या. या खेपेला ते खोटं पाडायचं होतं, दुसरं काही नको होतं.

विषय होता, आपलं गाव पूर्वी कसं होतं. शाळेच्या अडगळीत मिठागरातलं एक लांब दांड्याचं लाकडी दाताळं पडून होतं. आता मिठागरांच्या जागी सौर पॅनेलांच्या रांगा आहेत, पोरांना मीठ दुकानातल्या पुडीतलं तेवढं ठाऊक. दाताळं फळ्यापुढे उभं करायचं आणि विचारायचं, हे कशाचं असेल? मग, हे काम कुठल्या दिवशी करत असतील? मुलं म्हणणार, ढगाळ दिवशी, सावलीत. मग उलगडायचं, ढगाळ दिवशी नव्हे, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, कारण ऊन जितकं कडक तितकं समुद्राचं पाणी शिंपडलेल्या वाळूला मीठ जास्त धरतं. आणि मग सगळ्यांनी ती दुपार मनात आणायची. पाठ चांगला होता, यात शंका नाही.

टाचणात तीन रकाने असतात. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात शिक्षक काय करणार, तिसऱ्यात मुलं काय म्हणतील. खरी कसोटी तिसऱ्या रकान्याची. तो नेमका भरला, तर शिक्षकाला वर्ग कळला असं समजतात. बाईंनी तेवीसच्या तेवीस मुलांची नावं घालून भरला. रेंतारो, "घोड्याचा कंगवा!" काझुहा, "पानं गोळा करायला, पण दात फार जवळ आहेत." चिनात्सुपुढे लिहिलं, "बोलणार नाही. विचारल्यास मान खाली." सात वेळा टाचण लिहिलं, सात वेळा छापलं.

आमच्याकडे असा पाठ आधी शेजारच्या वर्गात घेऊन बघतात. कुठं अडखळतो ते कळतं. त्यामुळे दाताळं आठवडाभर आधी उराबेसरांच्या वर्गात गेलं, आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या वर्गातल्या एका पोरानं "हे ऑक्टोपस पकडायचं!" म्हटलं, दुसऱ्यानं "राक्षसाचा दात घासायचा ब्रश!" आणि पुढची दहा मिनिटं हसण्यात गेली.

"बाई, तिसऱ्या रकान्यात ऑक्टोपस घालूया का?" उराबेसरांनी विचारलं.

"माझी मुलं असलं काही बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या मुलांना बजावून ठेवा. उत्तर माझ्या वर्गात फुटलं, तर पाठाचा बोऱ्या वाजेल."

"बजावलंय बाई. पण पोरं आहेत, जिभेला काय कुलूप लावणार?"

हे वाक्य बाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

मग त्यांना सगळीकडे खुणा दिसायला लागल्या. उराबेसर बाईंच्या वर्गापाशी थांबून काझुहाशी बोलताना दिसले. बाई आल्यावर दोघं गप्प झाली. डब्याच्या वेळी पोरं कुजबुजायची आणि बाईंची चाहूल लागली की नको इतक्या सरळ बसायची. एकदा तर रेंतारो आरशात बघून काहीतरी पुटपुटत होता. कुठंतरी पाणी मुरत होतं. बाईंनी टेबलाच्या खणाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. सरांना टोमणेही मारून घेतले. पाठकोरे कागद ठेवायची पेटी वर्गावर्गात असते, शिक्षकखोलीतही असते, एका बाजूनं वापरलेले कागद मुलांच्या आकडेमोडीला लागतात. सरांनी त्यात एक कोरा कागद टाकला, तर बाईंनी अख्ख्या शिक्षकखोलीसमोर तो उचलून दाखवला.

"काटकसर शिकवायची तर आधी स्वतः शिकावी लागते, उराबेसर."

"चुकलं बाई," सर म्हणाले आणि हसले. बाईंना ते हसणं मुळीच आवडलं नाही.

पाठाच्या दिवशी वर्गात उभं राहायला जागा नव्हती. बाईंनी दाताळ्यावरचं कापड काढलं आणि विचारलं, "हे कशाचं असेल?"

"घोड्याचा कंगवा!" रेंतारो ओरडला.

"पानं गोळा करायला," काझुहा उठून म्हणाली, "पण दात फार जवळ आहेत."

भिंतीशी उभ्या शिक्षकांनी टाचणावर खुणा केल्या. कुणीतरी कौतुकानं "वा" म्हणालं. तिसरं मूल बोललं, चौथं बोललं. बाईंनी टेबलावरच्या टाचणावर नजर टाकली. हे जुळणं नव्हतं, शब्दन् शब्द तोच होता. जिथं बाईंनी "पण" लिहिलं होतं, तिथं मुलं "पण" म्हणत होती. फक्त चिनात्सु दाताळ्याच्या दांड्याकडे टक लावून बसली होती. तिचा हात खांद्यापर्यंत वर आला. शेजारच्या काझुहानं तिला कोपरानं ढोसलं, आणि हात खाली गेला.

"चिनात्सु, तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

चिनात्सुनं मान खाली घातली. भिंतीशी पुन्हा खुणा झाल्या.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला पाठ संपला. मुलं घरी गेली, मोठी माणसं चर्चेला बसली. सगळ्यांनी तिसऱ्या रकान्याची वाहवा केली. शेवटी हिझुमेसर उठले.

"मी चाळीस वर्षं पाठ बघतोय. मुलं टाचणाबाहेर जातात आणि तिथं शिक्षकाचा कस लागतो. आज एकही मूल बाहेर गेलं नाही. ओगिनोबाई, अभिनंदन करू की काळजी करू?"

कुणी हसलं नाही. बाईंनी सहा वर्षं जे झाकून ठेवलं, ते पुन्हा चारचौघांत उघडं पडत होतं, तेही असल्या माणसामुळे! त्या उठल्या.

"हा पाठ आधी शेजारच्या वर्गात झालाय. तिथून काय काय बाहेर पडलं, ते उराबेसरांना विचारा. माझ्या मुलांशी ते काय बोलत होते, तेही विचारा."

साठ माना सरांकडे वळल्या. सरांचा चेहरा पडला. ते उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"माझ्या वर्गाकडून काही गेलं असेल, तर चूक माझी. बाईंच्या पाठाला गालबोट लागलं, मी माफी मागतो."

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं चर्चा आवरली. घरी जाताना बाईंना हलकं वाटलं. सांगायला बरं वाटत नाही, पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गात आल्या, तर चिनात्सु आधीच येऊन दाताळ्यापाशी उभी होती. हातात लाकडी पळी होती, जुनी, काळी पडलेली.

"एवढ्या लवकर? आणि हे काय आणलंस?"

"बाई, हे आमचं आहे," चिनात्सु दाताळ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

दांड्याच्या टोकाला डाग देऊन उमटवलेली खूण होती, तीन रेघा आणि खाली एक टिंब. बाईंनी ती शंभरदा पाहिली होती आणि टाचणात लिहिलं होतं, "वापरणाऱ्याचं नाव अज्ञात." चिनात्सुनं पळी उलटी केली. तीच खूण, तीन रेघा आणि एक टिंब.

"पणजीची आहे. तिच्या घरच्या सगळ्या वस्तूंवर असते. ती मिठागरात जायची."

"अगं, मग काल का नाही बोललीस? मी तुला विचारलं होतं ना!"

"माझं नव्हतं ना बोलायचं."

"म्हणजे?"

चिनात्सुनं दप्तरातून चार घड्यांचा कागद काढला. एका बाजूला तिची भागाकाराची गणितं होती. बाईंनी कागद उलटला. दुसऱ्या बाजूला तिसरा रकाना होता. पाचव्या खेपेची छपाई, त्यानंतर हा रकाना बदललाच नव्हता. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती, चिनात्सुच्या नावापुढेही.

"हा कुठं मिळाला तुला?"

"पाठकोऱ्या कागदांच्या पेटीत. तुम्हीच तर वाटलेत, गणिताला." मग बाईंचा चेहरा बघून ती भराभर बोलू लागली. "काझुहा म्हणाली, हे नाटकासारखं आहे. प्रत्येकानं आपापलं पाठ करायचं, म्हणजे बाईंचं चुकणार नाही. तुम्ही काळजीत होतात ना, म्हणून. उराबेसर विचारत होते, तुम्ही सारखी काय कुजबुज करता, पण आम्ही नाही सांगितलं. रेंतारोला घोडा नको होता, तरी तो म्हणाला."

बाईंना आठवलं. शुक्रवारच्या आवराआवरीत टेबलावरचा गठ्ठा त्यांनी स्वतःच्या हातानं पेटीत टाकला होता. वर नकाशे होते. खाली काय होतं, ते पाहिलंच नव्हतं.

"माझं चुकलं गं," बाई म्हणाल्या. "तुझ्यापुढे मी चुकीचं लिहिलं."

"नाही बाई," चिनात्सु त्यांना समजावत म्हणाली, "बरोबर आलं की तुमचं."

बाई तो कागद घेऊन शिक्षकखोलीत गेल्या. सकाळच्या बैठकीला सगळे उभे होते. त्यांनी कागद उराबेसरांपुढे ठेवला आणि काय झालं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, एकही शब्द न वगळता. मग वाकल्या, काल सर वाकले होते त्याहून खाली. हिझुमेसरांना आजच फोन करते, अकराही शाळांना पत्र पाठवते, म्हणाल्या.

उराबेसरांनी कागद उचलून दोन्ही बाजू पाहिल्या. त्यांचे डोळे लाल दिसत होते.

"बाई, माझी पोरं तर ऑक्टोपस म्हणाली होती," ते म्हणाले. "आमच्याकडून फुटलं असतं, तर तेच फुटलं असतं. एवढं काल तुमच्या ध्यानात यायला हवं होतं."

"यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "सर, पहिल्या तासाला तुमचा वर्ग घेऊन माझ्याकडे याल का?"

सर लगेच हो म्हणाले नाहीत. पण घंटा झाली तेव्हा त्यांचा वर्ग रांगेनं बाईंच्या दाराशी आला. पोरं दाटीवाटीनं जमिनीवर बसली. भिंतीशी कोणी नव्हतं, टाचण नव्हतं. बाईंनी दाताळं चिनात्सुच्या एका हातात दिलं, पळी तिच्याच दुसऱ्या हातात होती.

"सांग," बाई म्हणाल्या.

चिनात्सुनं सेहेचाळीस डोक्यांकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. वाट पाहून रेंतारोसुद्धा चुळबुळायचा थांबला. मग ती बाईंजवळ आली, टाचा उंचावल्या आणि त्यांच्या कानाशी हळूच विचारलं,

"बाई, काय बोलू ते लिहून देता?"

बाईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी फळ्याच्या कडेला ठेवला आणि चिनात्सुच्याच छोट्या खुर्चीवर, गुडघे पोटाशी येतील अशा, बसल्या.

"मला कुठं ठाऊक आहे ते?" त्या म्हणाल्या. "तुलाच ठाऊक आहे."

वर्ग थांबला होता. बाईही थांबल्या, आणि या खेपेला पोरगी काय म्हणेल याचा त्यांना काही म्हणजे काही अंदाज नव्हता.